गुन्हा कबूल?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घरांत व्हर्जिनिया राज्याची ओळख दोन गोष्टींनी असते. एक म्हणजे ब्लू रिज डोंगरातली ऑक्टोबरची लालपिवळी झाडी. दुसरी म्हणजे निघताना कुणीतरी हमखास दिलेला सल्ला : ‘तिथे गाडी सांभाळून हं.’ न्यू जर्सीहून दक्षिणेला जाणारा आय-९५ महामार्ग हे राज्य उभं ओलांडतो, त्यामुळे तिथे काही काम नसलेली माणसंही तिथून जात असतात. सौरभला मात्र काम होतं. एडिसनहून आईवडिलांना घेऊन तो रिचमंडजवळच्या आतेबहिणीकडे, शुभदाकडे निघाला होता. फ्रेडरिक्सबर्ग मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि ७० मैलांच्या मर्यादेत ९१ने जाताना राज्य पोलिसांनी त्याला बाजूला घेतलं.

शेजारच्या सीटवर अण्णा होते. काट्यावरचा ९१चा आकडा त्यांनी पाहिला होता. त्यांच्या मनात हिशोब किलोमीटरचा, त्यामुळे पोरगं किती बेतानं चालवतंय याचं त्यांना बरंच वाटत होतं. ताशी ९१ मैल म्हणजे १४६ किलोमीटर, हे त्यांना रस्त्याच्या कडेला कळलं.

अण्णांची सगळी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली. शुभदा बरीच वर्षं रिचमंडमध्ये एका वकिलाच्या कचेरीत पॅरालीगल आहे. म्हणजे दोघंही न्यायाधीश नाहीत आणि वकीलही नाहीत, पण कोर्टात खऱ्या अर्थाने काय चालतं हे दोघांनाही त्या दोन्ही जमातींपेक्षा जास्त ठाऊक. मी त्या रात्री त्या घरी पाहुणा होतो. सौरभ वरच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. खाली हे दोघं.

अण्णा : यात एवढा खल करण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. वेग जास्त होता का? होता. पोलिसाने खोटं लिहिलंय का? नाही. मग दंड भरायचा, कानाला खडा लावायचा, विषय संपला.

शुभदा : अण्णामामा, भरायला दंड आहे कुठे? कागद नीट बघा. रक्कम नाहीये त्यावर. तारीख आहे.

अण्णा : कोर्टाची?

शुभदा : कोर्टाची. साधं स्पीडिंग असतं तर घरबसल्या ऑनलाइन पैसे भरून मोकळं होता आलं असतं. हे ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ आहे. व्हर्जिनियात हा वाहतुकीचा किरकोळ नियमभंग धरत नाहीत, फौजदारी गुन्हा धरतात. ‘क्लास वन मिसडिमीनर’. जास्तीत जास्त शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. शिवाय परवाना सहा महिन्यांपर्यंत निलंबित करायचा अधिकार न्यायाधीशाला असतो.

अण्णा : अपघात नाही, कुणाला खरचटलं नाही, तरी?

शुभदा : तरी. दोन आकडे आहेत. मर्यादेपेक्षा २० मैल किंवा त्याहून जास्त वेग, नाहीतर ८५च्या वर कुठलाही वेग, मग तिथली मर्यादा काहीही असो. सौरभ दोन्हींत बसतो.

(इथे थोडं थांबायला हवं, कारण न्यू जर्सीकरांचा घोळ इथेच होतो. दहा मैल वर गेलं तर कोण विचारतं, अशा हिशोबाने बहुतेक मंडळी गाडी हाकतात. व्हर्जिनियात २०१० साली महामार्गावरची कमाल मर्यादा ७० करता आली, पण गुन्ह्याची रेघ ८०वरच राहिली. म्हणजे ७०च्या रस्त्यावर ८१ने जाणारा माणूस दहा वर्षं कायद्याने गुन्हेगार ठरत होता. जुलै २०२० पासून ती रेघ ८५वर सरकली आणि ८१ ते ८५ मध्ये सापडणाऱ्याला १०० डॉलर जादा दंड लागू झाला. रडार ओळखणारं यंत्र गाडीत लावावं म्हटलं तर तेही या राज्यात बेकायदा.)

अण्णा : आमच्याकडेही आहे की हे. कलम २७९. ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून’ हे शब्द मी हजारो वेळा वाचलेत. आता न्यायसंहितेत त्याचं २८१ झालं. पण नुसत्या वेगावर २७९ लागत नाही हो. माणसाच्या जिवाला धोका होईल असं चालवलं, हे दाखवावं लागतं. नुसत्या वेगाचं मोटार वाहन कायद्यात वेगळं चलान असतं. एक्स्प्रेसवेवर १००च्या वर गेलास, कॅमेऱ्याने टिपलं, मोबाइलवर मेसेज आला, संपलं.

शुभदा : इथे आकडा दाखवला की पुरे. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८६ने जाणारा आणि भरगर्दीत १२०ने गाड्या कापत जाणारा, दोघांना एकच कलम. म्हणून तर म्हणतेय, घाईने कबूल करू नका.

अण्णा : हे मला पटत नाही. ज्याला नाकारायचंय त्याने वकील करावा. आपल्याला नाकारायचं नाही. त्याने न्यायाधीशासमोर उभं राहावं, ‘साहेब, चूक झाली’ म्हणावं. माणूस समोर उभा राहून खरं बोलला की न्यायाधीशाला कळतं. मी पाहिलंय.

शुभदा : रस्त्यावर तो खरंच बोललाय. ट्रूपरने विचारलं, किती वेगाने जात होतास माहीत आहे का? हा म्हणाला, सगळे जात होते त्यांच्याबरोबर जात होतो. हे त्याच्या वहीत असणार, कदाचित अंगावरच्या कॅमेऱ्यातही.

अण्णा : आणि सही? सही केली त्याने. मी म्हटलं, वाचल्याशिवाय करू नकोस.

शुभदा : सही केली ते बरंच झालं. त्या सहीने गुन्हा कबूल होत नाही. ‘तारखेला हजर राहीन’ एवढाच तिचा अर्थ.  रस्त्याच्या कडेला भांडायचं नसतं, अण्णामामा. हात स्टिअरिंगवर, बोलणं कमी, कागद घ्यायचा, निघायचं. वाद घालायला पुढे कोर्ट आहे.

अण्णांनी कागद परत डोळ्यांजवळ धरला. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांची नजर आधी शिक्क्यावर, मग तारखेवर, मग सहीवर गेली. मजकूर सर्वांत शेवटी.

अण्णा : समजा, गेलाच नाही. तीनशे मैलांवरून कोण येणार त्याला धरायला?

शुभदा : हे तुम्ही विचारताय?

अण्णा : माहिती म्हणून विचारतोय.

शुभदा : मग त्याच्या माघारी निकाल लागेल, नाहीतर वॉरंट निघेल. निकालाची खबर न्यू जर्सीला जाते, बहुतेक राज्यांत आपापसात तसा करार आहे. न्यू जर्सी बाहेरच्या राज्यातल्या अशा गुन्ह्याला सरसकट दोन पॉइंट लावते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण विमा कंपनी पॉइंट बघत बसत नाही, कशाबद्दल दोषी ठरला ते बघते. आणि दोषी ठरल्याची व्हर्जिनियाच्या वाहन खात्यातली नोंद ११ वर्षं राहते. फौजदारी नोंद निराळी. तिला अकरा वर्षांचंही बंधन नाही.

अण्णा : त्याचा तो ग्रीन कार्डाचा अर्ज आहे.

इतका वेळ हा विषय टेबलावर आलाच नव्हता. सौरभ एच-वन-बीवर आहे, रांगेत आहे. अशा घरांत पोलिसांच्या दिव्यांचा निळा उजेड मागच्या काचेवर पडला की पहिला विचार दंडाचा नसतोच.

शुभदा : व्हिसा जाणार नाही. दारू पिऊन चालवताना पकडला असता तर गोष्ट वेगळी होती, त्यात नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो. नुसत्या वेगाच्या रेकलेसला इमिग्रेशनवाले सहसा तसं वागवत नाहीत. पण मुंबईला स्टँपिंगला जाताना फॉर्मवर प्रश्न असतो : कधी अटक झाली आहे का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का? दोषी ठरला तर ‘हो’ लिहावं लागेल, कोर्टाचा कागद जोडावा लागेल, खिडकीपलीकडच्याला समजावावं लागेल. दर वेळी. ग्रीन कार्डाला पुन्हा. नागरिकत्वाला पुन्हा. आणि लपवलं तर मात्र खरंच गोत्यात येईल, गाडीच्या वेगामुळे नाही, खोटं लिहिल्यामुळे.

अण्णा : म्हणजे खरं बोलायचंच आहे ना? मग कोर्टातच का नको?

शुभदा : कारण कोर्टात ‘दोषी’ म्हणण्याचा अर्थ ‘मी वेगात होतो’ एवढाच होत नाही. कागदावर जो आरोप छापलाय, तो अख्खा मान्य, असा होतो. बरं, तुमच्याच कोर्टातलं सांगा. २७९ची कबुली देऊन जाणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिलेत ना? पुढे काय व्हायचं त्यांचं?

अण्णा गप्प झाले. मग सांगू लागले, तेव्हा आवाज जरा खाली आला होता. ट्रकवाला, टेम्पोवाला, एखादा ट्रॅक्टरवाला. प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडायची. चौथ्या-पाचव्या तारखेला कुणीतरी कानात सांगायचं : कबूल कर, हजार रुपये भर, सुटशील. तो हात जोडून कबूल करायचा आणि आभार मानून जायचा. मग वर्षभराने मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा उभा राहायचा आणि समोरचा वकील ती कबुली काढून दाखवायचा. ‘यानेच मान्य केलंय की.’ चूक खरोखर कुणाची होती याची बरीचशी चर्चा तिथेच आटपायची. हा म्हणायचा, ‘साहेब, मी तर मिटवायला म्हणून सही केली.’

शुभदा : सौरभही मिटवायलाच निघालाय.

अण्णा : बरोबर आहे. पण त्यांतले निम्मे खरंच हयगयीने चालवत होते, हेही लिहून ठेव.

त्यांचा मुद्दा सुटलेला नव्हता. उलट पाणी पिऊन ते अधिकच सरसावून बसले.

अण्णा : मघाशी तो वर गेल्यावर मी आकडेमोड केली. ९१ मैल म्हणजे सेकंदाला ४० मीटर. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धर. साठ मीटर गाडी नुसती जातेच आहे, ब्रेक लागायच्या आधी. आणि वेग ७०चा ९१ झाला म्हणजे सव्वापट वाढला असं वाटतं ना? धडकेचा जोर वर्गाने वाढतो. सुमारे पावणेदोनपट. मागच्या सीटवर तुझी मामी झोपली होती. पट्टा लावलेला नव्हता तिने, टोचतो म्हणून. सायरस मिस्त्रींची गाडी आठवते? सप्टेंबर २०२२, पालघरजवळ सूर्या नदीचा पूल. लाखमोलाची गाडी, मागे बसलेली माणसं, पट्टा नाही. तासभर आपण इथे कागदाबद्दल बोलतोय, शुभदा. त्याबद्दल एक अक्षर नाही.

(खरं तर व्हर्जिनियाच्या कायद्यामागे हेच गणित आहे. मला तो कायदा सरसकट वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. अमेरिकेत १९७४ ते १९९५ देशभर केंद्राने घातलेली वेगमर्यादा होती, सुरुवातीला ५५ मैलांची, ती पेट्रोल वाचवण्यासाठी आली होती. ती गेल्यावर राज्यं मोकळी सुटली. ८५च्या पुढे गेलात तर आम्ही तुम्हाला न्यायाधीशासमोर उभं करू, असं एखाद्या राज्याने म्हटलं तर त्यात वेडगळ काही नाही.)

शुभदा : मान्य. मामीच्या पट्ट्याबद्दल मी उद्या तिच्याशी बोलते. पण तुम्ही म्हणताय त्याचा इलाज न्यायाधीशासमोर ‘दोषी’ म्हणण्यात नाही. तो इलाज वेगळा करायचा आणि त्याचे कागदही न्यायचे. आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा क्लास असतो. तारखेच्या आधी तो करायचा.

अण्णा : कोर्टाने सांगायच्या आधीच? म्हणजे शहाणपणाचं प्रदर्शन.

शुभदा : प्रदर्शन तर प्रदर्शन. आठ तास बसतो ना तो? तुम्ही आत्ता सांगितलेलं सेकंदाला चाळीस मीटरचं गणित तिथे कुणीतरी त्याला फळ्यावर काढून दाखवेल. तुमचं तो ऐकत नाही. दुसरं, न्यू जर्सीहून त्याचा ड्रायव्हिंगचा इतिहास मागवायचा. तो स्वच्छ आहे, आपल्या हातातला सर्वांत जड कागद तोच. तिसरं, गाडीचा स्पीडोमीटर तपासून घ्यायचा. काटा दोन-तीन मैल कमी दाखवत असेल तर ते दाखवण्याची सोय कायद्यात आहे. ९१चे ८९ झाले तर काही न्यायाधीशांच्या लेखी फार फरक पडतो.

अण्णा : आणि त्यांचं रडार?

शुभदा : त्याचं तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आतलं लागतं. वकील आधी तेच मागतो. शंभरात नव्व्याण्णव वेळा ते नीट असतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर जायचं नाही.

अण्णा : मग वकील करतो तरी काय? आकडा खरा, रडार खरं, पोलीस खरा.

शुभदा : आरोप त्याच्या मापाचा करून घेतो. एवढंच. साधं स्पीडिंग, किंवा ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’. त्यात दंड ५०० डॉलरपर्यंत, तुरुंग नाही, फौजदारी नोंद नाही. हलगर्जी थोडीच होती असं वाटलं तर न्यायाधीशाने किंवा सरकारी वकिलाने खाली आणावं, अशी तरतूद कायद्यातच आहे. पळवाट नाही ती. ८६वाला आणि १२०वाला एकाच कलमात कोंबल्यावर दोघांना वेगळं करायला काहीतरी लागतंच.

इतक्यात जिन्यावर सौरभ दिसला. झोप लागली नव्हती हे उघडच होतं. दोघांकडे बघून म्हणाला, ‘हा सगळा धंदा आहे. बाहेरच्या नंबर प्लेटवाल्यांना धरायचं आणि काउंटीची तिजोरी भरायची.’

यावर मामा-भाचीचं त्या रात्री पहिल्यांदा एकमत झालं. शुभदाने त्याला सांगितलं की राज्याच्या कायद्याखालचा दंड काउंटीला मिळतच नाही. तो १८१० सालापासून चालत आलेल्या ‘लिटररी फंडा’त, म्हणजे शाळांसाठीच्या निधीत जातो. गावाने स्वतःचा स्थानिक नियम लावला तर पैसा गावाला मिळतो, आणि त्यावरून ओरडही होते, पण याच्या कागदावर तर राज्याचं कलम होतं. उलट २००७ साली व्हर्जिनियाने रेकलेसवर दंडाव्यतिरिक्त १,०५० डॉलरची जबर फी लावली, ती फक्त राज्यातल्या रहिवाशांना. बाहेरचे सुटले. लोक इतके खवळले की वर्षभरात ती फी रद्द करावी लागली. अण्णा म्हणाले, ‘आणि नंबर प्लेट वाचून वेग ठरत नाही. तो तू ठरवलास.’ सौरभ पाण्याची बाटली घेऊन वर गेला.

अण्णा : किती घेतो वकील?

शुभदा : काही शे डॉलरपासून दोन हजारांपर्यंत. मात्र त्याच कोर्टात रोज उभा राहणारा हवा. न्यू जर्सीचा मोठा वकील इथे उपयोगाचा नाही. कुठल्या न्यायाधीशाला क्लासचा कागद आवडतो, कोण ९०च्या वरच्याला माफ करत नाही, हे इथल्यालाच माहीत. काही काउंटीत वकील एकटा गेला तरी चालतं, अशिलाला यावं लागत नाही. पण ९०च्या वर असला की बहुतेक वकील म्हणतात, स्वतः या.

अण्णा : दोन हजार डॉलर. बघ आता. माझ्या टेम्पोवाल्याची इथली आवृत्ती असेलच ना? भांडी घासणारा, छपरं शाकारणारा. त्यानेही ९१च केले. तो वकिलाशिवाय उभा राहणार, दोषी ठरणार. आमचा पोरगा दोन हजार टाकणार, साधं स्पीडिंग घेऊन येणार. आरोप मापाचा होतो म्हणालीस. माप खिशाचं आहे.

शुभदाला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. तिने चहाचे कप उचलले, परत ठेवले.

शुभदा : तुरुंगाची शक्यता असेल आणि ऐपत नसेल तर कोर्ट वकील देतं. पण ऐपत नसल्याची रेघ इतकी खाली आहे की तासावर काम करणारा त्याच्या जरासा वर असतो आणि मधेच लटकतो. मी रोज पाहते. काही जण वकिलाशिवाय येतात, क्लासचा कागद आणि स्वच्छ रेकॉर्ड दाखवतात, न्यायाधीश खाली आणतात. होतं तसं. पण त्यांना हे सगळं आधी करायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. ते तुमच्यासारखे येतात. खरं बोलायचं ठरवून.

अण्णा : आणि श्रीमंताला काय फरक पडतो अडीच हजारांनी?

शुभदा : दंडाने काही नाही. तुरुंगाने पडतो. वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघाचा जेसन वर्थ होता, कोट्यवधी कमावणारा. २०१४ मध्ये फेअरफॅक्स काउंटीत ५५च्या रस्त्यावर पोर्शे १०५ने चालवली. त्याला तुरुंगवास सुनावला. ही गोष्ट इथला प्रत्येक वकील अशिलाला सांगतो. दंडाचंच म्हणाल तर फिनलंडचं बरं. तिथे १९२१ पासून दंड उत्पन्नावर मोजतात. २०२३ मध्ये ऑलंड बेटांवर एका कोट्यधीशाला ५०च्या जागी ८२ने गेल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो बसले. किलोमीटर हं, अण्णामामा. मैल नाहीत.

अण्णा हसले. मग म्हणाले की साताऱ्यात हे लागू केलं तर अर्धे पुढारी बैलगाडीने फिरतील.

अण्णा : बरं, हरला तर? अपील?

शुभदा : दहा दिवसांत सर्किट कोर्टात जाता येतं आणि तिथे खटला पहिल्यापासून, कोऱ्या पाटीवर चालतो. खालच्या निकालाचं ओझं राहत नाही.

अण्णा : हे चांगलं आहे. हे आमच्याकडे असतं तर...

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल याचा अंदाज करता येतो, पण मी विचारलं नाही. घड्याळात बारा वाजून गेले होते. शुभदाने वकिलाचं नाव एका चिठ्ठीवर लिहिलं. खाली क्रमाने तीन कामं : क्लास, न्यू जर्सीचं रेकॉर्ड, स्पीडोमीटर. अण्णांनी चिठ्ठी वाचून त्यात चौथं काम स्वतःच्या हाताने घातलं : ‘मामीचा पट्टा.’

अण्णा : मी येणार कोर्टात. मागे बसेन. बसू देतात ना?

शुभदा : खुलं कोर्ट आहे, बसा की. पण साडेआठला पोचायचं, मोबाइल गाडीत ठेवायचा. सौरभला सदरा आणि पूर्ण पँट. आणि तुम्ही मधे बोलायचं नाही.

अण्णा : मी काय बोलणार? मला त्यांचं इंग्रजी निम्मं कळणार. मराठी दुभाषी देतील का?

शुभदा : आरोपीला हवा असेल तर देतात. आरोपीच्या वडिलांना नाही.

अण्णा : बरं. वकील करा. क्लास करा, काटा तपासा, सगळं करा. मी आड येत नाही. पण त्या वकिलाला माझ्यातर्फे एक विचार. सगळं ठरल्यावर, आरोप खाली आल्यावर, निकाल लागल्यावर म्हण हवं तर, सौरभला स्वतःच्या तोंडाने एक वाक्य बोलता येईल का? की मी फार वेगात होतो, गाडीत माझे आईवडील होते.

शुभदा : वकील नको म्हणेल. काम झाल्यावर तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

अण्णा : विचार तरी.